चार इंचांची वाट

घरात पाच बहिणींतली ती शेंडेफळ. सगळ्यांत शेवटी जेवायला बसायची, मोठ्या बहिणींचे आटलेले कपडे घालायची, आणि 'अगं, तू गप्प बस' हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकायची. पण बाविसाव्या वर्षी प्रसूतिगृहात नर्स म्हणून लागली आणि तीन-चार वर्षांत सगळे तिला आक्का म्हणू लागले. डॉक्टर आक्का म्हणत, झाडूवाल्या मावशी आक्का म्हणत, वयाने मोठ्या असलेल्या बाळंतिणीही आक्काच म्हणत. बहिणींना हे कळलं तेव्हा सगळ्या पोट धरधरून हसल्या.

आक्का बुटकी, अंगाने आडवी, चालायला मात्र भरभर. आवाज असा की जिन्याखालून बोलली तरी वरच्या वॉर्डातलं पेंगणारं माणूस सावध व्हावं. तिला एकच खोड होती. कळा देत असलेल्या बाईला ती सगळं सांगत बसायची. आता गर्भपिशवीचं तोंड इतकं उघडलंय, अजून इतकं उघडायचंय, मग जोर करायचा, मग बाळ, मग वार. बाकीच्या नर्सा डोळे मिचकावून म्हणायच्या, "आक्कांची शाळा भरली."

ही खोड तिला उगाच लागली नव्हती. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एक एकोणीस वर्षांची मुलगी पहिलटकरीण म्हणून आली होती. त्या वेळच्या मोठ्या सिस्टर कडक. पिशवीचं तोंड जेमतेम निम्मं उघडलेलं असताना त्यांनी तिला "जोर लाव, जोर लाव" म्हणून धारेवर धरलं. मुलीने बिचारीने जीव तोडून जोर लावला. तोंड उघडायच्या ऐवजी सुजलं, आणि जे चार तासांत व्हायचं त्याला नऊ तास लागले. बाळ बरं निघालं. पण दुसऱ्या दिवशी आक्का तिची चादर बदलायला गेली, तर ती मुलगी हळूच म्हणाली, "सिस्टर, माझं काय चुकलं?"

चुकलं तिचं नव्हतंच. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की ती कुठवर आली आहे. वाट माहीत नसलेल्या माणसाला पळायला लावलं होतं. त्या दिवशी आक्काने मनाशी ठरवलं, आपल्या हाताखालून जाणाऱ्या एकाही बाईला हा प्रश्न पडू द्यायचा नाही.

तिचा नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला होता. हाताचा कसबी. त्याच्याकडून तिने प्लायवूडची एक फळी करून घेतली. तीत ओळीने दहा गोल भोकं, पहिलं एक सेंटिमीटरचं, शेवटचं दहाचं. कळा घेऊन बाई आली की आक्का फळी पुढे करायची आणि बोट ठेवून सांगायची, "तू इथं आहेस. आपल्याला इथं जायचंय."

आक्काला स्वतःला मूल नव्हतं. एकदा एका बाईची आई फणकाऱ्याने म्हणाली, "ज्याचं जळतं त्याला कळतं. तुम्हाला काय कळणार कळा?" आक्का शांतपणे म्हणाली, "फलाटावरून झेंडा दाखवणारा गाडीत बसत नाही, आजी. पण गाडी त्याच्याच खुणेवर सुटते." वॉर्डात सगळ्यांना हे उत्तर फार आवडलं, पुढे कितीतरी दिवस ते एकमेकींना सांगितलं गेलं. आक्का मात्र घरी जाऊन दोन दिवस नवऱ्याशी धड बोलली नव्हती.

तिच्या नोकरीला तिसावं वर्ष लागलं होतं, त्या वर्षातली ही गोष्ट.

सकाळचे नऊ वाजले होते. एक सासू आणि एक सून वॉर्डाच्या दारात उभ्या राहिल्या. सून कमरेला हात लावून भिंतीशी टेकलेली. सासूच्या खांद्याला पिशवी, आणि तोंडाचा पट्टा सुरूच. "पहाटेपासून दुखतंय हिला. माझा मुलगा ट्रक घेऊन लांब गेलाय, उद्या येईल. आणि सिस्टर, हिला ऐकू येत नाही. बोलताही येत नाही. जन्मापासून. तेव्हा काय असेल ते मला विचारा."

आक्का सुनेकडे वळली. तिशीच्या आतली बाई. डोळे एवढे तरतरीत की खोलीतली एकही हालचाल त्यांच्यातून सुटत नव्हती. गळ्यात शिवणकामाची टेप तशीच लोंबत होती. घाईत काढायची राहिली असावी.

"टेलर आहे," सासू म्हणाली. "आमच्या गल्लीतले सगळे शर्ट हीच शिवते."

आक्काने त्या टेलरबाईला तपासलं. पिशवीचं तोंड चार सेंटिमीटर उघडलेलं. बाळाचे ठोके ठणठणीत. ती हात धुऊन आली आणि सवयीप्रमाणे तिने फळी काढली.

सासूने तिचा हात धरला. "हे नका दाखवू तिला. भित्री आहे ती. मी सांगेन काय सांगायचं ते."

"तुम्ही काय सांगाल?"

"सांगेन, सगळं ठीक आहे, पडून राहा."

"म्हणजे तिला काहीच कळणार नाही."

"कळून काय करायचंय?" सासू म्हणाली. वाईट बाई नव्हती ती. सुनेला जपायची तिची ती रीतच होती.

आक्काने फळी टेलरबाईच्या हातात दिली. चौथ्या भोकावर बोट ठेवलं, मग तिच्या पोटाकडे दाखवलं. दहाव्या भोकावर बोट ठेवलं, आणि दोन्ही हातांत बाळ धरल्यासारखं केलं. टेलरबाईने फळी पाहिली, भोकांत बोटं घालून पाहिली. मग गळ्यातली टेप ओढून तिने शेवटच्या भोकावर आडवी लावली, आणि आक्काला चार बोटं दाखवली.

आक्काला आधी काही उमगेना. मग टेपवर नजर गेली. इंच. दहा सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ चार इंच. बाईचा सगळा हिशेब इंचांत चालायचा. आता दीड इंच झालाय, चारवर जायचं आहे, हे तिला अर्ध्या मिनिटात कळलं होतं.

"हिला तुम्ही भित्री म्हणता?" आक्का सासूला म्हणाली.

कळा अजून अंतराने येत होत्या. आक्काने तो वेळ वाया घालवला नाही. तोंडावरचा मास्क खाली ओढला, कारण ही बाई ओठ आणि चेहरा वाचत होती. मग दोघींनी मिळून खुणा ठरवल्या. थांबायची खूण, फुंकायची खूण, जोर करायची खूण. आक्काने जोरासाठी मूठ वर उचलली, तर टेलरबाईने मान हलवून ती मूठ धरून खाली ओढली. बाळ खाली जायचंय, वर कशाला? आक्काने मुकाट्याने खूण सुधारली.

तेवढ्यात धाकटी सिस्टर सलाइनची सुई घेऊन आली आणि तिने टेलरबाईचं उजवं मनगट धरलं.

"तिथं नको," आक्का म्हणाली. "वर, कोपराच्या अलीकडे घाल. आणि डाव्या हाताला."

"मनगटाची शीर छान दिसतेय, आक्का."

"दिसू दे. तिचं बोलणं तिच्या हातात आहे. कुणाच्या जिभेत सुई खुपसतेस का तू?"

धाकटी ओशाळली आणि डाव्या हाताकडे गेली.

अकरा वाजता पाच सेंटिमीटर. दोन इंच. टेलरबाईने समाधानाने मान डोलावली. पण त्यानंतर घोडं अडलं. कळा जोरात येत होत्या, बाई घामाघूम होत होती, आणि फळीवरचं बोट तिथल्या तिथे. एक वाजला, तरी पाचच. दोन वाजता आक्काची ड्यूटी संपली. हेड सिस्टर म्हणाल्या, "जा घरी. दुसऱ्या आल्यात."

"खुणा मला माहीत आहेत," आक्का म्हणाली. "त्यांना शिकवत बसायची ही वेळ नाही." तिने नवऱ्याला फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं आणि पुन्हा कॉटपाशी येऊन बसली. धाकटीही थांबली.

तीन वाजता डॉक्टर आल्या. तरुण, हुशार, पायाला भिंगरी लागलेल्या. त्या दिवशी तीन वॉर्ड त्यांच्या एकटीच्या गळ्यात पडले होते. त्यांनी तपासलं. "अजून पाचच. बाळाचं तोंड वरच्या बाजूला आहे, डोक्याचा मागचा भाग हिच्या पाठीच्या कण्याला घासतोय. म्हणून पुढे सरकत नाही." त्या सासूकडे वळल्या. "पाठीत जास्त दुखतंय का हो?"

"दुखतंय ना, सकाळपासून—"

"तिला विचारू या," आक्का म्हणाली. तिने टेलरबाईसमोर प्रश्नार्थक चेहरा केला, आधी पोटाला हात लावला, मग पाठीला. टेलरबाईने दोन्ही मुठी कमरेत मागे रोवल्या आणि डोळे घट्ट मिटून उघडले. त्याचं भाषांतर करायची गरज पडली नाही.

डॉक्टर म्हणाल्या, "कळा वाढवायचं औषध लावू. तेवढ्यानं नाही भागलं तर सिझर."

"दीड तास द्या मला," आक्का म्हणाली. "ठोके चांगले आहेत. हिला उठवते, ओणवी करते. बाळ फिरलं तर फिरलं."

"आणि नाही फिरलं तर?"

"तर तुमचं औषध आहेच. मी आडवी येणार नाही."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "साडेचार. ठोके पंधरा-पंधरा मिनिटांनी बघा. जरा जरी घसरले तर मी थांबणार नाही."

"थांबूच नका," आक्का म्हणाली.

ती कामाला लागली. आधी टेलरबाईला लघवीला नेऊन आणलं, कारण भरलेली लघवीची पिशवीसुद्धा बाळाची वाट अडवते. जमिनीवर गादी टाकली, वर धुतलेली चादर. स्वतः हात आणि गुडघे टेकून दाखवलं. टेलरबाईने एकदा पाहिलं आणि सवय असल्यासारखी तशी झाली. सासू म्हणाली, "मोठं कापड बेतते ना, तेव्हा अशीच जमिनीवर ओणवी असते. तास-तासभर."

"मग तुम्ही मागे बसा," आक्का म्हणाली. "कळ आली की दोन्ही तळवे इथं कमरेवर ठेवून दाबायचं. अंगातलं सगळं बळ लावा."

"मी? मला नाही जमायचं."

"जमेल. इतका वेळ तोंड चालवलंत, आता हात चालवा."

सासू बसली. पहिल्या कळेला हात चाचरले. दुसऱ्या कळेला टेलरबाईने मागे हात नेऊन सासूचे तळवे दोन बोटं खाली सरकवले आणि 'जोरात' अशी खूण केली. तिसऱ्या कळेपासून सासूने असं दाबायला घेतलं की तिचाच श्वास फुलला. आणि एक नवल घडलं. ती बोलायची थांबली. आक्का टेलरबाईच्या समोर, गादीवरच, गुडघ्यांवर बसलेली. बावन्न वर्षांचे गुडघे कुरकुरत होते. पण उठून खुर्चीत बसली असती तर टेलरबाईला तिचा चेहरा दिसला नसता, म्हणून ती हलली नाही. दर पंधरा मिनिटांनी धाकटी सिस्टर ठोके मोजायची आणि आकडा सांगायची, आणि आक्का अंगठा उंचावून आकडा चांगला असल्याचं टेलरबाईपर्यंत पोचवायची.

साडेचारला डॉक्टर आल्या. तपासलं. पुन्हा तपासलं. "सात. आणि बाळ फिरतंय."

त्या अजून हात धूत होत्या, तोच पाणमोट फुटली. पाणी स्वच्छ. डॉक्टरांनी औषधाचं नाव काढलं नाही.

आक्काने फळी दाखवली. पावणेतीन इंच. टेलरबाई हसली. पण त्या दिवसातलं सगळ्यांत अवघड वळण पुढेच होतं आणि आक्काला ते माहीत होतं. सातापासून दहापर्यंतची वाट आखूड, पण भल्याभल्यांचा धीर तिथं सुटतो. कळ संपते न संपते तो दुसरी येते. अंगाला कापरं भरतं, उलटी होते, बाई म्हणते, मला घरी जायचंय.

टेलरबाईला उलटी झाली. मांड्या थडथडू लागल्या. ती कुशीवर कलंडली आणि तिने डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या बाईने डोळे मिटले असते तर आक्काने कानाशी बोलून तिला धरून ठेवलं असतं. इथं डोळे मिटले आणि सगळी दारं बंद झाली. खुणा निरुपयोगी, चेहरा निरुपयोगी, फळी निरुपयोगी. आणि नेमकी त्याच वेळी तिला जोर करायची उबळ यायला लागली. आक्काने तपासलं. नऊ. पुढच्या बाजूला तोंडाची एक कड अजून राहिली होती. आत्ता जोर केला तर ती कड सुजणार. आक्काला एका क्षणात ती एकोणीस वर्षांची मुलगी दिसली.

सासू रडवेली होऊन सुनेला हलवू लागली. "अगं, बघ इकडे, डोळे उघड."

"हलवू नका," आक्का म्हणाली.

तिने टेलरबाईचा उजवा हात धरला, आपल्या छातीवर, गळ्याच्या जरा खाली, सपाट ठेवला, आणि वरून स्वतःच्या तळव्याने धरून ठेवला. मग नाकाने खोल श्वास घेतला आणि तोंडाने फूऽऽ करत हळूहळू सोडला. पुन्हा घेतला. पुन्हा सोडला. टेलरबाईची बोटं आधी ताठ होती. चौथ्या-पाचव्या श्वासाला ती सैल पडली. मग तिची छाती आक्काच्या छातीबरोबर वरखाली होऊ लागली. कळ आली, उबळ आली, तिने आक्काचा गाऊन मुठीत आवळला, पण जोर केला नाही. ओठांचा चंबू करून फुंकत राहिली. डोळे मिटलेलेच.

अशा अकरा कळा गेल्या. धाकटीने मोजल्या होत्या. आक्काला चक्कर यायला लागली होती, पण तिने श्वासाची लय मोडली नाही.

सहा वाजता तिने तपासलं, तर कड गेलेली होती. तिने टेलरबाईच्या गालावर हळूच दोन बोटं टेकवली. डोळे उघडले. आक्काने चार बोटं दाखवली. चार इंच. मग मूठ वर नेली आणि खाली ओढली.

टेलरबाईच्या चेहऱ्यावरचा थकवा कुठल्या कुठे गेला. ती स्वतःच सरसावून बसली, गुडघे आवळून हनुवटी छातीला लावली. आता पायवाट तिच्या ओळखीची होती. कळ आली की जोर, कळ गेली की विसावा. डोकं थोडं दिसायचं, पुन्हा मागे जायचं. सासूला वाटलं, बाळ परत निघालं. "असंच असतं," आक्का म्हणाली. "दोन पावलं पुढे, एक मागे."

पाऊण तास गेला. डोकं येऊन थांबलं, मागे जाईना. आक्काने तळवा आडवा धरला, थांब, आणि ओठांनी फुंकून दाखवलं. टेलरबाई फुंकत राहिली, आणि कपाळ, नाक, हनुवटी असं एकेक बाहेर आलं. डोकं आपसूक बाजूला वळलं. एक खांदा, दुसरा खांदा, आणि मग उरलेलं सगळं एकदम, साबण निसटावा तसं.

मुलगी झाली. सहा वाजून पन्नास मिनिटं.

आक्काने तिला पुसून आईच्या छातीवर ठेवलं. पोरीने तोंड वासलं आणि अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतला. सासू हसायला-रडायला लागली, धाकटीने डोळे पुसले. टेलरबाई मात्र एकेकीचा चेहरा पाहत होती. आक्काला कळलं, तिला विचारायचंय, पोर रडली ना? ती खूण शोधू लागली. पण तेवढ्यात टेलरबाईने आपला तळवा बाळाच्या पाठीवर सपाट ठेवला. पोर रडत होती आणि ती इवलीशी पाठ तिच्या हाताखाली थरथरत होती. टेलरबाई हललीच नाही. बाळ रडायचं थांबेपर्यंत तिने हात उचलला नाही.

नाळ ठोके द्यायची थांबल्यावर आक्काने ती कापली. सासूने पिशवी आवरायला घेतली.

"अजून संपलं नाही," आक्का म्हणाली. "वार यायची आहे. बायका इथंच गाफील राहतात."

इंजेक्शन दिलं. दहा मिनिटांत वार आली. आक्काने ती उजेडात धरून उलटीपालटी केली, कुठे तुकडा मागे राहिला नाही ना ते पाहिलं. टेलरबाईनेही ती बघायला मागितली आणि काठ सगळीकडून नीट आहे ना ते तिनेही तपासलं. रक्त जरा जास्त जात होतं. आक्काने पोटावर हात ठेवून गर्भपिशवी चोळली, ती हाताखाली कच्च्या पेरूसारखी टणक होईपर्यंत. मग रक्त ओसरलं.

थोडंसं फाटलं होतं. डॉक्टर टाके घालायला बसल्या. टेलरबाईने मान उचलून काही खुणा केल्या. डॉक्टरांनी घाबरून सासूकडे पाहिलं. "दुखतंय का तिला? बधिर केलंय मी."

सासूचा चेहरा कसनुसा झाला. "नाही. ती म्हणतेय, टाके बारीक घाला. आणि दोरा ओढून धरू नका, चुणी पडते."

डॉक्टर हसल्या तशा त्या दिवसभरात हसल्या नव्हत्या. "सांगा तिला, तिच्यासारखे नाही जमले तरी बरे जमतील."

"तुम्हीच सांगा," सासू म्हणाली. "ती तुमच्याकडेच बघतेय."

डॉक्टरांनी मास्क खाली केला, आणि सावकाश, ओठ नीट हलवत तेच वाक्य टेलरबाईला सांगितलं.

दीड महिन्याने टेलरबाई बाळाला दाखवायला आली, तेव्हा आक्काने तिला नर्सांच्या खोलीत नेऊन बसवलं. त्यानंतर दर बुधवारी दुपारी ती यायची आणि सहाजणींना खुणा शिकवायची. सासू बाळाला घेऊन शेजारी बसायची आणि कुणी चुकलं की टेलरबाईच्या आधी तीच टोकायची. हेड सिस्टर सुरुवातीला नाराज होत्या, कामाच्या वेळात हे काय म्हणून. आक्का म्हणाली, "हे कामच आहे." मग कुणी विषय काढला नाही. गावभर बातमी पसरायला वेळ लागला नाही. ज्यांना ऐकू येत नाही अशा बायका आधी घरीच राहायच्या किंवा शेवटच्या क्षणाला यायच्या. त्या आता वेळेवर येऊ लागल्या. वर्षाला तीन, कधी चार.

सहा वर्षांनी आक्का निवृत्त झाली. निरोपाच्या दिवशी भाषण करायला सांगितलं तर तिने फक्त कपाटाच्या किल्ल्या कुठे आहेत ते सांगितलं.

दोन महिने झाले असतील. एका सकाळी ती मागच्या अंगणात तारेवर कपडे वाळत घालत होती, तेव्हा फोन वाजला. धाकटी सिस्टर होती. आता तिलाही धाकटी म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.

"आक्का, एक बाई आलीय. ऐकू न येणारी. पहिलटकरीण. सहावर अडकलीय दोन तास. ठोके छान आहेत. ओणवी केली, चालवली, लघवीला नेऊन आणली. आता काय करू?"

"मला काय विचारतेस?" आक्का म्हणाली. "तिला विचारलंस का?"

धाकटी म्हणाली, "विचारते," आणि फोन ठेवला. आक्काने तो खिडकीत ठेवला, चिमटा तोंडात धरला आणि चादर झटकून तारेवर टाकली.